सहा घरं, एक साठा: नागपुरात ताहो-लाफ्स उभं करताना

फोटो, घराची खरेदीखतं, आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, संस्थेचे जुने हिशेब. हे सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क गोदरेजच्या कपाटात टाकणं म्हणजे बॅकअप, अशी आपल्याकडे समजूत आहे. डिस्क पडली किंवा कपाटात पाणी शिरलं की समजूत दूर होते. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या कंपनीचं क्लाउड: सोयीचं, पण दरमहा भाडं आणि आत काय आहे हे कंपनीला वाचता येण्याची शक्यता. तिसरा मार्ग थोड्या मेहनतीचा आहे. पाच-सहा ओळखीच्या घरांनी आपापल्या डिस्कची थोडी जागा एकत्र करायची, आणि कुणालाच कुणाचं काही वाचता येणार नाही अशी सोय करायची. ताहो-लाफ्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर नेमकं याच कामाचं आहे.

हा लेख पहिल्यांदा असं काही उभं करणाऱ्यांसाठी आहे. लिनक्सवर टर्मिनल उघडून दोन ओळी लिहिता येत असतील तर पुरे. एक सोय सांगून ठेवतो: आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ

ब्रायन वॉर्नर आणि झूको विल्कॉक्स हे यामागचे मुख्य लोक. झूको पुढे झीकॅश या डिजिटल चलनामुळे जास्त ओळखले गेले. सॉफ्टवेअरचा जन्म ऑलमायडेटा नावाच्या बॅकअप कंपनीत झाला आणि १.० ही आवृत्ती २००८ साली आली. कंपनी गेली, कोड मात्र राहिला आणि आजही सुधारला जातो आहे. कंपनी बुडाली तर माझ्या फायलींचं काय, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

तुम्ही फाइल टाकली की पहिल्यांदा ती तुमच्याच संगणकावर एईएस पद्धतीने कुलूपबंद होते. मग त्या कुलूपबंद फाइलचे तुकडे पडतात. तुकडे म्हणजे सरळ कापलेले भाग नव्हेत. गणित असं की सहा तुकडे केले तर त्यातले कोणतेही तीन मिळाले की पूर्ण फाइल परत उभी राहते. कोणतेही तीन, हे महत्त्वाचं. हे सहा तुकडे सहा घरांत जातात. ज्याच्या घरी तुकडा आहे त्याला त्यातलं अक्षरही कळत नाही, आणि त्याने तुकड्यात फेरफार केला तर तुमच्या संगणकाला ते लगेच कळतं. तो फार तर तुकडा पुसू शकतो. त्यासाठीच तर बाकीचे आहेत.

यात तीन पात्रं असतात. स्टोरेज सर्व्हर तुकडे सांभाळतो. क्लायंट म्हणजे तुमचा संगणक, कुलूप लावणारा आणि तुकडे पाडणारा. आणि इंट्रोड्यूसर, जो फक्त सगळ्यांची एकमेकांशी ओळख करून देतो. इंट्रोड्यूसर काही वेळ बंद पडला तरी आधी जोडलेल्यांचं काम चालू राहतं, म्हणून त्याची फार काळजी करू नका. या सगळ्या जुळणीला ग्रिड म्हणतात.

नव्या आवृत्तीत काय बदललं

२०२४च्या सुरुवातीला आलेली १.१९ ही आवृत्ती नवशिक्यांनी किमान मानावी. तोपर्यंत सर्व्हर आणि क्लायंट फूलस्कॅप नावाच्या खास, फारशा कुणाला माहीत नसलेल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या भाषेवर, बोलायचे. १.१९पासून दोन्ही बाजू नव्या असतील तर साठवणीचं बोलणं वेबसाइटी वापरतात त्या साध्या एचटीटीपीएसवर होतं. विकसकांनी या प्रोटोकॉलला ग्रेट ब्लॅक स्वॉम्प असं दलदलीचं नाव ठेवलं आहे. नावावर जाऊ नका, काम चांगलं आहे. जुन्या आवृत्तीचा कुणी समोर आला तर फूलस्कॅप अजूनही चालतं, आणि इंट्रोड्यूसरशी बोलणंही त्यावरच होतं. याशिवाय मोठ्या फायली उतरवून घेणं जलद झालं, आणि ताहो ज्या भाषेत लिहिलं आहे त्या पायथनची ३.१२ आवृत्ती चालू लागली, ३.७ला रजा मिळाली.

याचा अर्थ व्यवहारात इतकाच: उबुंटू २४.०४ (त्यात पायथन ३.१२ येतं) किंवा डेबियन १२ (त्यात ३.११) घ्या आणि सगळ्यांनी एकच आवृत्ती ठेवा. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलं तरी चालतं. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक सुद्धा चालतो, पण डिस्कला वेगळा वीजपुरवठा द्या.

पहिली पायरी: घरं निवडा, आणि नकाशा घेऊन निवडा

लोक इथे घाई करतात. सॉफ्टवेअर तासाभरात बसतं. घरं चुकली तर मात्र ते कितीही नीट बसवलं तरी उपयोग नाही.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने पात्र सोडलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, शंकरनगरचा काही भाग, सीताबर्डीचं मोर भवन बसस्थानक, सगळीकडे पाणी. आता समजा तुमच्या सहा घरांपैकी चार त्या पट्ट्यात तळमजल्यावर आहेत. तुमचे सहापैकी चार तुकडे एकाच रात्री गेले. उरले दोन, लागतात तीन. ताहो-लाफ्सने स्वतःचं काम चोख केलं असूनही फोटो गेले.

म्हणून नियम: एकाच संकटात एकदम बंद पडू शकतील अशी घरं एकच घर म्हणून मोजा. अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउट ही कागदावर दोन घरं आहेत, पाण्याच्या हिशेबात एक. एकाच सोसायटीतले दोन फ्लॅट म्हणजे विजेच्या हिशेबात एक, कारण दोघांचा ट्रान्सफॉर्मर एकच. एकाच इंटरनेटवाल्या भाऊंकडून घेतलेली तीन कनेक्शनं म्हणजे त्यांची मुख्य केबल तुटली की तिन्ही गुल. सहाच्या ग्रिडमध्ये अशा कोणत्याही एका गटात तीनपेक्षा जास्त घरं नकोतच. खरं तर दोनच असावीत.

मला आवडणारी मांडणी अशी: एक घर महालात, एक जरीपटक्याला, एक मनीषनगरात, एक वर्धमाननगरला, एक धरमपेठेत, आणि सहावं नागपूरबाहेर. वर्ध्याला, अमरावतीला किंवा पुण्याला कुणीतरी मामा-मावशी असतेच. बाहेरचं ते एक घर तुमच्या अर्ध्या चिंता मिटवतं.

मग घरातली जागा. इथे नागपूरची खास पंचाईत आहे. तळमजल्याला पाण्याची भीती, आणि सगळ्यात वरच्या मजल्याला स्लॅबची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि तापलेला स्लॅब रात्री अकरालाही आत उष्णता सोडत असतो. साध्या हार्ड डिस्कला साधारण ६० अंशांपर्यंत मुभा असते. बंद माळ्यावर, वर रजया रचलेल्या, अशा ठिकाणी ती त्या आकड्याच्या पार जवळ जाते. मधला मजला असेल तर उत्तम. नसेल तर तळमजल्यावर टेबलाच्या उंचीला, उघड्या हवेत. आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. खोली थंड राहते हे खरं, पण तो ओलावा यंत्राच्या पोटात जातो. डिस्कचं तापमान स्मार्टसीटीएल ही आज्ञा सांगते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता एकदा बघाच.

यंत्राच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू हो’ अशी सोय असते, ती चालू करा. नाहीतर दुपारी वीज गेली की संध्याकाळपर्यंत तुमचं घर ग्रिडबाहेर, आणि फोनवर आवाज येतो, “का बे, तुझं मशीन बंद दिसून राहिलं ना!”

दुसरी पायरी: जागेचा हिशेब

तीन लागणार, सहा करणार, म्हणजे प्रत्येक फाइल दुप्पट जागा घेते. समजा प्रत्येक घराला स्वतःचे ३०० जीबी ठेवायचे आहेत. सहा घरांचे झाले १८०० जीबी, दुप्पट ३६०० जीबी, आणि सहांत वाटले तर प्रत्येकाच्या डिस्कवर ६०० जीबी. म्हणजे प्रत्येकी १ टीबीची डिस्क आणि वर थोडी मोकळीक. सहाही घरांत एकेक पूर्ण प्रत ठेवायची म्हटली असती तर प्रत्येकाला १८०० जीबी लागले असते.

दुसरा हिशेब इंटरनेटचा. तुकडे तुमचा संगणक पाडतो आणि तोच सगळीकडे पाठवतो. ३०० जीबीचे ६०० होतात, त्यातले १०० तुमच्याच घरी राहतात, उरलेले ५०० जीबी वर चढवायचे. अपलोडचा वेग ४० एमबीपीएस खरोखर मिळाला तर साधारण २८ तास. खरोखर मिळत नाही, तेव्हा दोन-तीन दिवस धरा. प्लॅनची महिन्याची मर्यादाही आधी बघून घ्या. सहाही घरं एकाच आठवड्यात चढवायला लागली तर प्रत्येकाकडे येणारा डेटाही तेवढाच असतो.

तिसरी पायरी: घरं एकमेकांना दिसली पाहिजेत

आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. एकाच पत्त्यामागे कंपनीचे शेकडो ग्राहक असतात. बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. यावर तीन उपाय.

इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता, घेणं: जादा पैसे, आणि राउटरमध्ये पोर्ट उघडण्याची कटकट. टॉर या पत्ता लपवणाऱ्या जाळ्यावरून चालवणं: ताहोमध्ये ती सोय आहे, नोड (म्हणजे ग्रिडमधलं आपलं यंत्र) बनवताना ‘--लिसन=टॉर’ द्यायचं; खाजगीपणा उत्तम, वेग बेताचा. तिसरा उपाय म्हणजे सहाही यंत्रांवर टेलस्केल किंवा वायरगार्ड टाकून आपलं आपलं खाजगी जाळं करणं. नवशिक्यांना मी डोळे झाकून टेलस्केल सांगतो. प्रत्येक यंत्राला १००ने सुरू होणारा एक कायमचा पत्ता मिळतो, मग राउटरला हात लावायची गरज नाही. पुढे मी हाच मार्ग धरला आहे. प्रत्येकाचा तो पत्ता एका कागदावर घरासमोर लिहून घ्या.

चौथी पायरी: सॉफ्टवेअर

प्रत्येक यंत्रावर:

सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व
पायथन३ -एम व्हेन्व ~/ताहोएन्व
~/ताहोएन्व/बिन/पिप इन्स्टॉल ताहो-लाफ्स
~/ताहोएन्व/बिन/ताहो --व्हर्जन

शेवटच्या ओळीने १.१९ किंवा त्यापुढचा आकडा दाखवला की झालं. पुढे आज्ञेत नुसतं ‘ताहो’ लिहिलं आहे तिथे ~/ताहोएन्व/बिन/ताहो हा पूर्ण मार्ग समजा. रास्पबेरी पायवर पिप मध्येच अडलं तर बिल्ड-इसेन्शियल आणि पायथन३-डेव्ह ही दोन पॅकेजं टाकून पुन्हा चालवा. काही भाग त्याला जागेवर कंपाइल करावे लागतात. चहा घेऊन या.

पाचवी पायरी: इंट्रोड्यूसर, फक्त एका घरी

ज्या घरी वीज आणि इंटरनेट त्यातल्या त्यात टिकतं तिथे:

ताहो क्रिएट-इंट्रोड्यूसर --पोर्ट=टीसीपी:३४५८ --लोकेशन=टीसीपी:(त्या यंत्राचा पत्ता):३४५८ ~/इंट्रो
ताहो रन ~/इंट्रो

चालू झाल्यावर त्या फोल्डरच्या आतल्या ‘प्रायव्हेट’ फोल्डरमध्ये इंट्रोड्यूसर.फर्ल नावाची फाइल तयार होते. तिच्यात पीबी:// ने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. ही ओळ म्हणजे ग्रिडचा प्रवेश. ती ज्याच्याकडे आहे तो तुमच्या सहा डिस्कवर आपला माल ठेवू शकतो. म्हणून कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याला द्यायची त्याला एकट्याला द्या.

सहावी पायरी: प्रत्येक घराचा नोड

ताहो क्रिएट-नोड --पोर्ट=टीसीपी:३४५७ --लोकेशन=टीसीपी:(आपला पत्ता):३४५७ --इंट्रोड्यूसर=(ती लांब ओळ) --निकनेम=महाल

निकनेममध्ये व्यक्तीचं नाव न टाकता वस्तीचं टाका. पुढे यादीत एखादं घर बंद दिसलं की कुठे फोन करायचा ते पटकन कळतं. आज्ञेनंतर होम फोल्डरमध्ये .ताहो नावाचं लपलेलं फोल्डर तयार होतं. त्यातली ताहो.सीएफजी ही फाइल उघडा. दोन जागी हात लावायचा आहे.

क्लायंट विभागात:

शेअर्स.नीडेड = ३
शेअर्स.हॅपी = ५
शेअर्स.टोटल = ६

हे तीन आकडे सोडून दिले तर ३, ७ आणि १० हे मूळचे आकडे लागू होतात, आणि नवशिक्याची पहिली ठेच इथेच असते. सहा घरांच्या ग्रिडवर फाइल टाकली की अपलोड-अनहॅपिनेस असा एरर येतो. म्हणणं एवढंच असतं: किमान सात वेगळ्या सर्व्हरवर तुकडे ठेवायला सांगितलंत आणि मला सापडले सहाच. बिघाड काही नाही, फक्त आकडे बदलायचे.

‘हॅपी’चा अर्थ नीट समजून घ्या, कारण नावावरून काही कळत नाही. टाकताना तुकडे किमान इतक्या वेगवेगळ्या घरांत पसरले तरच फाइल टाकली असं मानायचं, नाहीतर नकार द्यायचा. ५ ठेवल्याने एखादं घर बंद असलं तरी काम अडत नाही. पण अशा वेळी सहा तुकडे पाच घरांत बसतात, म्हणजे कुणाकडे तरी दोन. ते घर गेलं तर दोन तुकडे जातात. म्हणून महत्त्वाचा माल चढवताना सहाही घरं चालू आहेत ना, हे बघून मगच सुरू करा. कुणीतरी ‘हॅपी’ ३ ठेवायला सांगेल, म्हणजे एररच येणार नाही. ऐकू नका. एरर येत नाही हे खरं, पण मग सगळे तुकडे तीन घरांत गोळा होऊन बसले तरी तक्रार होणार नाही.

स्टोरेज विभागात स्टोरेज_डिर समोर बाहेरच्या डिस्कवरच्या फोल्डरचा मार्ग द्या, आणि रिझर्व्ह्ड_स्पेस = ५०जी लिहा, म्हणजे डिस्क गळ्यापर्यंत भरणार नाही.

आता हे यंत्र चालू झाल्याबरोबर आपोआप सुरू व्हावं यासाठी सिस्टमडीची (लिनक्सवर कार्यक्रम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा लिहायची. या फाइलमधल्या नावांत मात्र प्रत्येक इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं. ‘एक्झेकस्टार्ट’ समोर ताहोचा पूर्ण मार्ग, पुढे रन आणि .ताहो फोल्डरचा मार्ग. त्यात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ ही ओळ डिस्कच्या मार्गासह टाकायला विसरू नका. ती नसेल तर वीज परत आल्यावर कधी डिस्क जोडली जाण्याआधीच ताहो उठतं, रिकाम्या फोल्डरला डिस्क समजतं आणि छोट्या मेमरी कार्डवर लिहू लागतं. जुने तुकडे तोवर कुणालाच दिसत नाहीत.

सगळं जुळलं की त्याच यंत्रावर ब्राउझर उघडून १२७.०.०.१:३४५६ या पत्त्यावर जा. ताहोचं स्वागताचं पान दिसेल आणि त्यावर किती ज्ञात सर्व्हरपैकी किती जोडलेले आहेत ते लिहिलेलं असेल. सहापैकी सहा दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. या पानाला पासवर्ड नसतो, म्हणून ते फक्त त्याच यंत्रावर राहू द्या. सगळ्या घराला बघता यावं म्हणून वायफायवर उघडं करू नका.

ज्यांना डिस्क द्यायची नाही, फक्त आपला लॅपटॉप जोडायचा आहे, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. आधीच्या सदस्याने ‘ताहो इन्व्हाइट’ चालवलं की एक आकडा आणि दोन साधे इंग्रजी शब्द असा छोटा कोड मिळतो. तो फोनवर सांगायचा. समोरच्याने ‘ताहो क्रिएट-क्लायंट --जॉइन=(तो कोड)’ लिहिलं की लांब ओळ आपोआप पोचते. हे मॅजिक वर्महोल या साधनावर चालतं, आणि तेही ब्रायन वॉर्नर यांनीच लिहिलेलं आहे. अर्थात तो लॅपटॉपही टेलस्केलच्या जाळ्यात असला पाहिजे.

सातवी पायरी: चावी

ताहो क्रिएट-अलायस घर

या एका ओळीने तुमच्या नावाचं रिकामं मूळ फोल्डर तयार होतं, आणि त्याची चावी .ताहो/प्रायव्हेट/अलायसेस या फाइलमध्ये लिहिली जाते. चावी म्हणजे यूआरआय:डीआयआर२ ने सुरू होणारी अक्षरांची माळ. ताहोमध्ये नाव-पासवर्ड, ओटीपी, ‘पासवर्ड विसरलात का’ असला प्रकारच नाही. ही माळ ज्याच्याकडे, त्याचं फोल्डर. माळ हरवली तर सहाही डिस्क ठणठणीत असून फायली कायमच्या गेल्या. हे मी मुद्दाम ठसवून सांगतो आहे, कारण घरात असं काही बिघडलं की आधी आपण सर्व्हरच तपासत बसतो.

तेव्हा ‘ताहो लिस्ट-अलायसेस’ चालवा, येणारी ओळ कागदावर छापा, शक्य असेल तर बाजूला क्यूआर कोडही छापा. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, एक एलआयसीच्या कागदांच्या फाइलमध्ये. हाताने लिहायची वेळ आली तर दिलासा असा की या माळेच्या गुप्त भागांत छोटी अक्षरं आणि २ ते ७ एवढेच आकडे असतात. शून्य आणि एक नसतातच, त्यामुळे शून्य की ओ, एक की एल असा घोळ होत नाही.

याच चावीपासून फक्त वाचण्याची दुय्यम चावी काढता येते. पुतणीच्या लग्नाचे फोटो मावशीला दाखवायचे तर ही दुय्यम चावी द्या. तिला बघता येईल, बदलता येणार नाही. मात्र एकदा दिलेली चावी परत घेता येत नाही. विचार करूनच द्या.

आठवी पायरी: माल चढवा आणि परत उतरवून बघा

ताहो बॅकअप ~/फोटो घर:फोटो

ही आज्ञा ‘आर्काइव्ह्ज’ आणि ‘लेटेस्ट’ अशी दोन फोल्डरं करते. आर्काइव्ह्जमध्ये तारीख-वेळेनुसार प्रत्येक वेळची स्थिती राहते, लेटेस्टमध्ये सर्वांत ताजी. पुढच्या खेपेला फक्त नव्या आणि बदललेल्या फायली चढतात, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर रोजचं काम मिनिटांचं होतं. ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला लावून टाका.

आता खरी परीक्षा, आणि ही टाळायची नाही. एक मोठी फाइल निवडा, एसएचए२५६सम ने तिची खूण काढून ठेवा. मग तीन घरांना फोन करून यंत्रं बंद करायला सांगा. ‘ताहो गेट’ने ती फाइल दुसऱ्या नावाने उतरवा आणि खूण जुळते का बघा. जुळली पाहिजे. चौथं घर बंद करून पुन्हा प्रयत्न करा. आता नकार आला पाहिजे. दोन्ही झालं तर ग्रिड ठीक. तीन बंद असतानाच नकार आला तर बहुधा चढवताना एखादं घर बाहेर होतं आणि दोन तुकडे एकाच ठिकाणी गेले.

आणखी एक: ताहो अजिबात नसलेल्या लॅपटॉपवर सगळं नव्याने टाका, लॉकरमधल्या कागदावरून चावी टाइप करून ‘ताहो अॅड-अलायस’ करा आणि एक फोटो उघडा. कागद खरा आहे की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

महिन्याची निगा

ताहो डीप-चेक --रिपेअर --अॅड-लीज घर:

महिन्यातून एकदा, प्रत्येकाने, आपापल्या यंत्रावरून. प्रत्येक फाइलचे तुकडे जागेवर आहेत का हे ती विचारते आणि कमी पडले असतील तर नवे बनवून ठेवते. साधी तपासणी सर्व्हरच्या शब्दावर विश्वास ठेवते. वर्षातून एकदा ‘--व्हेरिफाय’ जोडून चालवा, म्हणजे तुकडे प्रत्यक्ष उतरवून तपासले जातात. वेळ लागतो; दिवाळीच्या सुट्टीत लावून द्या.

लीज म्हणजे भाडेपट्टा, ३१ दिवसांचा. फाइल फोल्डरमधून काढली तरी तिचे तुकडे डिस्कवरून लगेच जात नाहीत. सर्व्हरने मुदत संपलेले तुकडे पुसायचे ठरवलं तरच जागा मोकळी होते, आणि मुळात ती सोय बंद असते. पहिलं वर्ष बंदच राहू द्या. चालू केली आणि एखादे काका मुलाकडे अमेरिकेत दोन महिने गेले, घरचं यंत्र बंद करून, तर ३१ दिवसांनी त्यांचा माल पुसायला मोकळा होईल. पुढे जागा कमी पडू लागली की मुदत सहा महिने करून मगच चालू करा.

नवं घर जोडलं तर जुन्या फायली आपोआप तिकडे पसरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. कुणी ग्रिड सोडत असेल तर त्याने पंधरा दिवस आधी सांगावं, यंत्र बंद करावं पण डिस्क पुसू नये. बाकीच्यांनी रिपेअर चालवावं, सगळ्यांचं झालं की मगच त्याने डिस्क रिकामी करावी. भांडण झालं असेल तरी एवढं पाळायचं, हे ग्रिड सुरू करतानाच बोलून घ्या.

कशासाठी वापरू नये

रोज उघड-मिट करायच्या एक्सेलसाठी नाही. मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच फोल्डरमध्ये लिहिण्यासाठी तर मुळीच नाही. ताहोच्या माहितीपत्रात याबद्दल ‘तसं करू नका’ एवढाच नियम मोठ्या थाटाचं नाव देऊन लिहिला आहे. दोनच घरं असतील तर हा खटाटोप नको, दोन यंत्रांतली फोल्डरं सारखी ठेवणारं सिंकथिंग पुरे. ताहोची मजा पाच-सहा घरांपासून सुरू होते.

पुढची आवृत्ती आली की

सगळ्यांनी एका रात्रीत अपग्रेड करू नका. आधी एक घर: सेवा थांबवा, .ताहो/प्रायव्हेट फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढा, ‘पिप इन्स्टॉल --अपग्रेड ताहो-लाफ्स’, सेवा पुन्हा सुरू. दुसऱ्या घरून स्वागताचं पान उघडून ते जोडलेलं दिसतं का बघा, एक फाइल टाका, एक उतरवा. दोन-तीन दिवस नीट चाललं की पुढचं घर. वर्ध्याचं घर सगळ्यात शेवटी घ्या, कारण तिथे काही अडलं तर बघायला जायला अख्खा रविवार लागतो.